उजेडाचा पीळ

उजेडाच्या भानगडीत आमच्या भाडेकरू सरांइतका गुंतलेला माणूस मुळशी तालुक्यात दुसरा झाला नाही. कासार आंबोलीत माझ्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत ते दोन वर्षं राहिले. नोकरी पुण्याच्या प्रयोगशाळेत, पण जीव सगळा खोलीतल्या टेबलावर. रविवारी भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून ते लेझरशी झटत बसत. भेटेल त्याला थांबवून सांगत, की उजेडाच्या किरणालाही दोरीसारखा पीळ घालता येतो, आणि त्यांना हवा होता तो पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पीळ वाढतच जाणारा किरण. हे ऐकवायला त्यांनी दूधवाल्याला एकदा इतका वेळ धरून ठेवलं, की भरे गावातली त्याची गिऱ्हाइकं खोळंबली. माझी आई म्हणाली, "सर, दोरी वळली तर बैल तरी बांदता येतो. ह्या उजेडानं काय बांदायचं?"

"बारीक कण धरून गरगर फिरवता येतात, आजी."

"मग दळणातलं खडं काढा की!"

सर यावर चार दिवस खरोखर विचार करत होते.

अडचण माझीच होती. गिरणी सुरू झाली, की वरचं टेबल थरथरे आणि भिंतीवर पडलेली किरणाची आकृती विस्कटे. त्यांना रविवारच मोकळा, आणि गिरणीवर गर्दीही रविवारीच. दिवेलागणीनंतर काम करावं, तर उजेडाच्या या भक्ताचे डोळे जेवतानाच मिटत. "तासभर बंद ठेवाल? तुम्हीही बघायला या," असं ते विचारत. "फुडच्या रविवारी बघू, सर. आज लई रांग हाय," मी म्हणे. "बरं, बरं," म्हणत ते अंगावरचं पीठ झटकून वर जात. कधी चिडले असते, तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी मी गिरणी बंद केली, हात धुतले आणि वर गेलो. टेबल मोकळं झालं होतं, सामान खोक्यांत गेलं होतं.

"अहो, आज कशाला बंद केलीत?" ते हळहळले. मग म्हणाले, "बसा. दाखवता येत नाही, तर सांगतो." रिकाम्या भिंतीवर बोट फिरवत ते सांगू लागले : मधे काळोख, भोवती उजेडाचं कडं, आणि आत फिरत फिरत घट्ट होत जाणारा पीळ. खालून हाका आल्या, "दळताय न्हवं?" मी उठलो नाही.

टेम्पोचा हॉर्न वाजला.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

कळलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी जिना उतरताना ते खूश दिसले.