लेईमाराने कबूल केलेली चूक

आमच्या वानुआतूत सरकार पडलं की रेडिओवर सांगतात. राजधानीत कोणता खासदार कोणत्या हॉटेलात जाऊन बसला, यावर आमच्या बेटावर कोण कोणाशी बोलणार हे ठरतं.

गावात वाड्या दोन; पाण्याची टाकी एका वाडीचा मुखिया काल्तापाऊ याच्या मेव्हण्याने, तो मंत्री असताना, दिलेली. त्याचं सरकार गेलं आणि दुसऱ्या वाडीचा मुखिया मासोई याचा भाचा मंत्री झाला. "आता टाकी आमची," मासोई म्हणाला. राजधानीत तेव्हा अर्धी मुदत तुम्ही, अर्धी आम्ही असा करार झाला होता. तोच आम्ही उचलला. सकाळी काल्तापाऊच्या वाडीने पाणी भरायचं, दुपारनंतर मासोईच्या. राजधानीतल्यापेक्षा तो जरा जास्त टिकला. मग कोणीतरी भलत्या वेळी बादली लावली, कोणीतरी कोणाच्या आईचा उद्धार केला, आणि मासोईने नळावर नामेलेच्या झाडाची दोन पानं आडवी बांधली.

नामेलेचं पान बांधलं की त्या वस्तूला कोणी हात लावत नाही. ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. तेही कोणी चूक कबूल करून डुक्कर दिल्यावर. काल्तापाऊला चूक मान्य नव्हती. पाऊस दूर होता. बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणू लागल्या आणि पुरुष चर्चा करू लागले.

लेईमाराचं माहेर मासोईच्या वाडीत, सासर काल्तापाऊच्या. नवरा गेल्यावर तिने मुलाच्या लग्नासाठी एक डुक्कर वाढवलं होतं. सुळा वळावा म्हणून त्याचे वरचे दात काढलेले, त्यामुळे कोनफळ शिजवून, कुसकरून ती त्याला हाताने भरवी. सुळा जितका गोल तितकं डुक्कर मोलाचं, आणि याचा गोल होत आला होता. असं डुक्कर गावात दुसरं नव्हतं.

एका संध्याकाळी ती त्याला दोरीने ओढत नाकामालपाशी आली. तिथे पुरुष कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, पीत बसतात, बायका आत जात नाहीत. ती कडेला थांबली.

"मासोईदादा, चूक माझी. हे डुक्कर घे आणि पान सोड."

"तुझी कसली चूक?"

"ते तुम्ही ठरवा. तुम्हाला वेळ आहे."

"वहिनी, पोराच्या लग्नाचं डुक्कर ते!" काल्तापाऊ म्हणाला.

"मग तुझं आण, भाऊजी. हे मी परत नेते."

काल्तापाऊ आपल्या करवंटीतला कावा निरखू लागला.

"लोक म्हणतील, बाईने मला वाकवलं," मासोई पुटपुटला.

"लोकांचे घसे कोरडे पडलेत, दादा. कोणी काही म्हणणार नाही."

म्हाताऱ्यांनी बराच खल केला. चूक कबूल करणारा हवा, असा रिवाज आहे. चूक त्याचीच असावी, असं कोणालाच आठवेना. पान सुटलं. डुकराचे वाटे दोन्ही वाड्यांत गेले. लग्न पुढे ढकललं गेलं आणि मुलगा आईशी कित्येक दिवस बोलला नाही. राज्यकारभारावर मी पुष्कळ वाचलं आहे. दुसऱ्यांचा दोष स्वतःच्या डुकरासकट अंगावर घेणारा माणूस मला त्यात भेटलेला नाही.

काही आठवड्यांनी सरकार पुन्हा पडलं. मासोईचा भाचा घरी बसला, आणि काल्तापाऊ नामेलेची पानं घेऊन टाकीकडे निघाला. नळावर लेईमारा पाणी भरत होती.

"बांध की, भाऊजी," ती म्हणाली. "मासोईदादा चूक कबूल करेपर्यंत थांबावं लागेल एवढंच. माझ्याकडे आता डुक्कर नाही."

काल्तापाऊने डोंगराकडे पाहिलं. त्याची बायकोही याच नळाचं पाणी भरायची. पानं त्याने काखेत मारली. मग तिची भरलेली बादली उचलून तो तिच्या घराकडे चालू लागला.