तणमोर काढा

बोलण्याआधी सर चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवायचे आणि म्हणायचे, "आवडते काय, ते नका सांगू जी. जगते काय, ते सांगा."

पुलगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या वर्ध्याच्या छोट्या वन्यजीव संस्थेत येऊ लागले. ऑफिस मी सांभाळते. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सर लग्नाच्या पंगतीतसुद्धा आधी काय संपेल याचा अंदाज घेऊन तेच वाढून घ्यायचे.

एका उन्हाळ्यात पाण्याची ओरड होती. मी अंगणातल्या सगळ्या झाडांना तांब्या-तांब्या पाणी घालत होते. सरांनी बादली हातातून काढून घेतली. "सगळ्याले घोटघोट म्हणजे सगळ्याचंच मरण, ताई." सारं पाणी लिंबाच्या झाडाला गेलं. माझा मोगरा वाळला. मी बरेच दिवस त्यांना चहा विचारला नाही.

पण एक जीव या नियमातून सुटलाय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तणमोर. कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून नर गवतातून सरळ वर उडी घेतो. रोहणा गावाकडच्या कुरणात तो सरांनीच शोधला होता. पावसाळाभर ते तिथं बांधावर बसून असायचे. त्यांची बायको म्हणायची, "माह्या सवतीले पिसं हायेत."

त्या वर्षी संस्थेला एकाच प्रजातीसाठी निधी मिळणार होता. एकतर तणमोर, नाहीतर नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडांवर घरटी करणारी गिधाडं. ठरवायच्या बैठकीचे अध्यक्ष सरच. तणमोर निवडला की कुरण चराईला बंद होणार, म्हणून तिथं गाई चारणारे एक गवळीकाका भांडायच्या तयारीनंच येऊन बसले होते.

सरांनी चष्मा पालथा ठेवला. "तणमोर काढा. गिधाड लिवा."

ते चुकून उलटं बोलले असं मला वाटलं. पेन हातात तसंच राहिलं. "सर, तणमोर ठेवायचा ना?"

"काढा म्हटलं ना. किती पावसाळे झाले, नवरदेव एकटाच नाचून राह्यला. नवरी कुठी हाय? गिधाडाच्या घरट्यात पिल्लू हाय. गुरांले ते दुखण्याचं इंजेक्शन देणं थांबवलं, तं मेलेलं ढोर खाऊनही ते जगते."

  उठले ते गवळीकाका, रागानं लाल होऊन.

"काऊन काढता जी? तुमचा एकट्याचा हाय का थो?"

"तुमी तं भांडाले आलते ना, चराई बंद होते म्हणून?"

"भांडाले आलतो. त्याले माराले नाई आलतो. कुरणाच्या मधातलं गवत आमी त्याच्यासाठी सोडून राह्यलो. चारा कमी पडला तरी तिथं गाय घालत नाई."

सरांनी चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला. इतके पावसाळे बांधावर बसले, पण हे त्यांनाही नवीन होतं.

"मंग तुमी ठेवा," ते म्हणाले. "पैसा मात्र गिधाडालेच."

मी गिधाड लिहिलं. सर बाहेर नळावर जाऊन तोंड धूत राहिले. बराच वेळ.

त्याच हिवाळ्यात, एका सकाळी गिधाडांच्या फेरीला गाडी उशिरा निघाली म्हणून सर फोनवर माझ्यावर ओरडले आणि दुपारी ते गेल्याचा निरोप आला. मी संध्याकाळपर्यंत सांगणाऱ्यांवरच चिडत होते. काहीतरीच बोलता म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात मी कामानं रोहण्याकडे गेले होते. कुरण चरून जमिनीसपाट झालेलं. मधे मात्र कमरेएवढं गवत उभं. काकांची एक पांढरी गवळाऊ गाय तिकडे वळली, तशी त्यांनी काठी आडवी धरली.

"यंदा दिसला का?" मी विचारलं.

"नाई," ते म्हणाले, आणि गाईला म्हणाले, "तिकडं नाई, माय. इकडून चल."