डब्याला पाडलेली भोकं

ज्या दिवशी मी गाव सोडलं, त्या दिवशी मायच्या पायांना पोटरीपर्यंत चिखल होता. पाणी भरलेल्या बांधीत धानाची रोवणी चालू होती. त्या शेतातून ती तशीच निघाली आणि मोहाडीच्या स्टँडवर येऊन उभी राहिली. हातात वनस्पती तुपाचा रिकामा डबा, डब्यात बांधीची माती आणि मातीत आमच्या न्हाणीजवळचा पुदिना. बा ट्रंक घेऊन आधीच नागपूरच्या एसटीत चढला होता. मायनं खिडकीतून डबा माझ्या मांडीवर दिला. "पानी देत राहाजो," एवढंच म्हणाली. बस हलली तेव्हा मी तिच्याकडे पाहायचं सोडून डबा सावरत होते, माती सांडेल म्हणून. ती नंतर किती वेळ उभी होती, मला माहीत नाही.

तुम्ही जे तिथेच राहिलात त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे निघून आले त्यांनाही आठवत असेल, आपल्या वस्तीत पुदिना कोणी मागून नेत नसे. कुंपणावरून हात यायचा, चार शेंडे खुडायचा आणि जायचा. माय चुलीजवळ बसून बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायची कोणाचा हात ते. "ने वं, पन मुळासकट नोको उपटू," असं आतूनच म्हणायची. सांबाराचंही तेच. त्याला पुस्तकात कोथिंबीर म्हणतात हे ठाऊक होतं, पण बाजारात पैसे देऊन त्याची जुडी घ्यायची असते हे मी नागपुरातच पाहिलं.

सत्तरची वर्षं संपत आली होती. मुलींच्या वसतिगृहात मला जागा मिळाली नाही. बा दोन दिवस माझ्यासोबत खोली शोधत फिरला. तीन ठिकाणी खोली रिकामी होती. बा सरळ सांगून टाकायचा आम्ही कोण ते, आणि खोली भरलेली निघायची. चौथं घर ज्यांना मी पुढे काकू म्हणू लागले त्यांचं. त्यांनी विचारलं, "कोन तुम्ही लोक?" बानं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "शेतकरी. धानवाले." आमचं आडनाव त्यांच्यातही असतं आणि आमच्यातही. काकूंनी पुढे विचारलं नाही. ही खोली गेली असती तर संध्याकाळच्या एसटीनं मी परत रोवणीत गेले असते. कॉलेज तिथेच संपलं असतं. हे बालाही कळत होतं, म्हणून तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. जाताना म्हणाला, "शिक. बाकी मंग पाहू." बुद्धाची तसबीर मी ट्रंकेत अगदी तळाशी, कपड्यांखाली ठेवली.

गच्चीवर ठेवलेला पुदिना आठ-दहा दिवसांत पिवळा पडला. मी तर डब्यात पाणी उभं राहील इतकं पाणी देत होते. आमच्याकडे रोप म्हणजे धानाचं रोप, आणि त्याच्या पायाशी पाणी उभं हवं. बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाला, खेकड्यानं भोक पाडलं तर बा हातातलं काम टाकून ते बुजवायला धावतो. मग डब्याला आपणहून भोक पाडायचं असतं, हे मायला तरी कसं सुचावं आणि मला तरी कसं? काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी वाकून वास घेतला. "पुदिना हाये पोरी, धान नाही. सडून राहिला तो." हसत हसतच त्यांनी खिळा आणि बत्ता आणला, रोप बाजूला काढून डबा उपडा केला आणि तळाला पाच भोकं पाडली. काळं पाणी गच्चीवर पसरलं. त्यांनी सडलेली मुळं तोडली, मातीत रेती मिसळली, रोप पुन्हा लावून दिलं. त्यांचे हात मनगटापर्यंत आमच्या बांधीच्या मातीनं भरले होते. मला आनंद झाला की भीती वाटली, आजही नीट सांगता येत नाही.

मग काकूंना नादच लागला. आम्ही दोघी बाजारात जायचो. रोपवाल्याकडून त्यांनी गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, घेतला, तोही गुंडाळलेलं फडकं सोडून मुळं पाहिल्यावरच. फुटक्या घमेल्यात सांबार पेरला. धने पाटावर लाटण्यानं हलके रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या, मग पेरायचे, हे त्यांनीच शिकवलं. अख्खा धना रुसून बसते, म्हणायच्या. सकाळी चटणीपुरता पुदिना खुडायच्या आणि वाटीभर चटणी माझ्या दाराशी ठेवून जायच्या. "तुह्या हाताले गुण हाये," असं एकदा म्हणाल्या. ती चटणी मला आवडायची आणि गिळवतही नसे. यांना माहीत असतं तर, हा विचार दर घासाला यायचा.

धान निघाल्यावर माय भेटायला येणार होती. मी अंतर्देशीय पत्र लिहिलं. दारात जयभीम म्हणू नको, नमस्कार म्हण, असं त्यात लिहिलं. मायला वाचता येत नाही. बा अक्षरं जुळवत बसतो. म्हणजे ते पत्र वस्तीतले मास्तर ओट्यावर मोठ्यानं वाचणार, माझं प्रत्येक पत्र वाचायचे तसंच, आणि कुंपणावरून हात घालणाऱ्या सगळ्या बाया ते ऐकणार. लिहिताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आलं होतं. तरीही पत्र पेटीत टाकलं.

माय नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली. दारात तिनं हात जोडले, पण तोंडातून शब्द काढला नाही. जयभीमही नाही आणि नमस्कारही नाही. काकूंनी तिला पलंगावर बसवलं, चांगल्या कपबशीत चहा दिला, गच्चीवर नेऊन सगळी रोपं दाखवली. मायनं डबा उचलून तळाशी बोट फिरवलं, भोकं चाचपली. "असं राह्यते का," म्हणाली. धानवाल्या मायलेकींनी पुदिना कसा बुडवला यावर दोघी हसल्या. मला वाटलं, निभावलं.

निघायच्या वेळी काकूंनी कुंकवाचा करंडा काढला, ताटात तांदूळ आणि नारळ घेतला. आलेली सवाशीण त्यांच्या घरातून तशीच जात नसे. "या, आधी देवाले हात जोडा, मंग ओटी भरते," म्हणत त्या पुढे झाल्या. माय देवघराच्या उंबऱ्याशी थांबली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विचारणं होतं. मी मान खाली घातली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आमी बौद्ध झालो. देवाले हात नाई जोडत. तुमी माया पोरीले जीव लावला, तुमच्याशी खोटं नाई बोलवत."

काकूंच्या हातातला करंडा उघडाच होता. त्यांनी सावकाश झाकण लावलं. "बरं," म्हणाल्या.

स्टँडवर मायनं पदराची गाठ सोडून तिकिटाचे पैसे मोजले. "माया तोंडानं तुही खोली गेली तं?" तिनं विचारलं. नाही जाणार, एवढंच मी म्हणू शकले. मला पत्राची माफी मागायची होती. बस लागली, ती चढली, आणि माफी राहिली. तिनंही पत्राचा विषय त्या दिवशी काढला नाही, नंतरही कधी काढला नाही.

खोली गेली नाही. काकू वाईट नव्हत्या, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. फक्त दुसऱ्या सकाळी पुदिना खुडला गेला नाही. तिसऱ्या सकाळीही नाही. काकू दारावर येणाऱ्या भाजीवाल्याकडून जुडी घेऊ लागल्या. पुदिना खुडला नाही की लांबत जातो, दांडे कडक होतात, तुरे येतात. मी एकटी किती खाणार? डबा भरून बाहेर सांडू लागला. कपडे वाळत घालताना काकू पदर आवरून त्याला वळसा घालायच्या. वार्षिक परीक्षा झाली तेव्हा म्हणाल्या, पुतण्या येणार हाये, खोली लागेल. गोडनिंब त्यांनी विकत घेतलेला होता, तो त्यांच्याकडे राहिला. मी डबा उचलला. त्यांनी पाडलेली पाच भोकंही माझ्यासोबत आली.

आता मी एम. ए. ला आहे आणि ही माझी तिसरी खोली आहे. आता मी आधी सांगते, मग ट्रंक आत नेते. सांगितल्यामुळे दोन दारांवरून परतले. तसबीर भिंतीवर आहे. डबा गंजलाय, पण पुदिना तोच आहे. तो गॅलरीत असतो, शेजारच्या खोलीला लागून. तिथे महिन्याभरापूर्वी आमच्याच जिल्ह्यातल्या सानगडीकडची एक बाई नवऱ्यासोबत राहायला आली. आमचं बोलणं हसण्यापलीकडे गेलेलं नाही.

आज सकाळी पाहिलं तर पुदिन्याचे चार शेंडे खुडलेले होते, आणि शेजारून चटणीचा वास येत होता. किती वर्षांनी कोणीतरी न विचारता खुडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. आधी आला तो जुनाच प्रश्न: हिला माहीत आहे का? मायच्या कुंपणाशी हा प्रश्न मला कधी पडला नाही. घर म्हणजे काय, असं आता कोणी विचारलं तर मला एवढंच सांगता येईल, जिथे हा प्रश्न पडत नाही ती जागा. तसं माझं घर अजून मोहाडीजवळच आहे, आणि तिथल्याच ओट्यावर मी मायला सगळ्यांदेखत गप्प बसायला सांगितलं.

म्हणून हे लिहिलं. मास्तर, हे तुम्ही ओट्यावर बसून मोठ्यानं वाचा, ते पत्र वाचलं होतं तसंच. सगळ्या बाया असू द्या. माय, ते पत्र मी लिहायला नको होतं.

एवढं लिहून मी उठले. उरलेल्या शेंड्यांतले मूठभर खुडले आणि शेजारचं दार वाजवलं. तिनं ओल्या हातानं दार उघडलं. मी आधी जयभीम म्हटलं, मग पुदिना पुढे केला.