डबा खाली कर

आधीच माफी मागतो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील आणि शब्दही साधेच असतील. शाळा नववीत सुटली, तीही हिंदी शाळा. मराठी येते ती आईच्या बोलण्यातून आली तेवढीच. आणि माझी फजिती झाली ती नेमकी भाषेपायीच! कुठून सुरू करू तेच कळत नाही. नुसतं आठवलं तरी कान गरम होतात. पण तुम्ही चहाचा कप हातात घेऊन बसलाच आहात, तर ऐका.

माझा मावसभाऊ अभयदादा इथेच ग्वाल्हेरात, हजीऱ्याला राहतो, लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याच्या डोक्यात एक छोटा सिनेमा कधीपासून होता. तोही मोबाईलवर नाही, खऱ्या फिल्मवर! नई सडकेवरचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथे त्याला फिल्मचे तीन डबे सापडले. डब्यांवरची तारीख कधी उलटली? मी शाळेत होतो तेव्हा! म्हणजे औषध असतं तर दुकानदाराला पोलिसांनी नेलं असतं. दादाने ते डबे आणून फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेवले. वहिनी पालक बाहेर ठेवायची, पण डब्यांना हात लावायची नाही.

सिनेमाची गोष्ट एवढीशी. एका आजोबांच्या झुपकेदार मिशा नातीला टोचतात, म्हणून ते मिशी काढून टाकतात. बस्स.

आजोबा झाले होते दादाच्या शेजारचे सुभेदारकाका. फौजेतून निवृत्त. चाळीस वर्षांची मिशी, दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं अशी. मिशी खरी काढायची म्हणून दादा महिनाभर त्यांच्या मागे लागला होता. काका रोज "विचार करतो" म्हणायचे आणि रोज मिशीला तेल लावायचे. शेवटी त्यांची खरीखुरी नात चिमी म्हणाली, "आजोबा, मला पिक्चरमध्ये यायचंय." तेव्हा काका तयार झाले.

माझं काम काय? डबे सांभाळणं. दादा म्हणाला, "दीपू, हे बघ. ऊन लागू द्यायचं नाही, खाली पाडायचं नाही, हातातून सोडायचं नाही. समझा?"

मी मान हलवली. मी नेहमी मान हलवतो. प्रश्न विचारायची मला भारी भीती. विचारता आलं असतं तर शाळा तरी कशाला सुटली असती?

कॅमेरा चालवायला पुण्याहून दादाचे मित्र आले होते, चिन्मयसर. माणूस चांगला, पण मराठी अशी स्वच्छ की समोर बोलायला लाज वाटावी. ते फिल्म बदलताना एका काळ्या पिशवीत दोन्ही हात घालायचे आणि डोळे मिटून आत काहीतरी करायचे. आमचे आजोबा गोमुखीत हात घालून जप करायचे, अगदी तसं. मला वाटलं, काम सुरू करायच्या आधी देवाचं नाव घेत असतील. विचारणार कोण?

सकाळी काकांच्या गच्चीवर मिशीचा शॉट झाला. काय सांगू! वस्तरा फिरला, मिशी टॉवेलवर पडली, चिमीने काकांच्या ओठावर बोट फिरवलं. काकू जिन्यात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मोबाईल तर दादाने सगळ्यांचे बंद करायला लावले होते. "ही फिल्म आहे, रील नाही!" चिन्मयसरांनी गोमुखीत जप केला, डब्याला चारी बाजूंनी टेप लावला आणि डबा माझ्या हातात दिला.

काका उघड्या ओठावर हात फिरवत म्हणाले, "दीपू, चाळीस साल की मूंछ आता त्या डब्यात आहे. संभाल के."

डबा मी दोन्ही हातांनी असा छातीशी धरला, जणू आत अस्थी आहेत.

दुसरा शॉट दुपारी. काका खुर्चीवर, मांडीवर चिमी, मागे लांब किल्ला. मी त्यांच्या बऱ्याच मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभा. चिन्मयसर कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते. एकदम ओरडले, "ए दीपू! डबा खाली कर, डबा!"

आता इथे तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर म्हणाल, त्यात काय? पण आमच्या ग्वाल्हेरला, हिंदीच्या संगतीने, खाली म्हणजे रिकामं. आई म्हणाली, "बादली खाली कर," की आम्ही बादली ओततो. तिला बादली जिन्यावरून उतरवायची असेल तर ती म्हणते, "नीचे ने."

म्हणजे सर मला काय सांगत होते? डबा रिकामा कर!

आत्ता? ज्या डब्याला सकाळी टेप लावला, तो? आयुष्यात पहिल्यांदा हिंमत करून विचारलं, "सर, आत्ता?"

"मग काय उद्या? लवकर!"

"पूरा खाली करू?"

"हो रे बाबा, पूर्ण खाली!"

"इथेच?"

"इथेच! हलू नकोस!"

अजून किती विचारायचं माणसाने? तुम्हीच सांगा!

ऊन लागू द्यायचं नाही, एवढं मात्र माझ्या लक्षात होतं. म्हणून मी टाकीच्या सावलीत उकिडवा बसलो. तेवढी अक्कल होती. टेप सोडला, झाकण उघडलं, आत काळी पिशवी, पिशवीत फिल्मचं भेंडोळं. ते बाहेर काढून उलगडू लागलो.

"अजून थोडं खाली!" सर ओरडले.

मी भराभरा ओढू लागलो.

"अजून! अजून! बास. शाब्बास! आता अगदी परफेक्ट!"

खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. शाब्बास ऐकून किती वर्षं झाली होती! शॉट संपेपर्यंत मी मांडीवर फिल्मचा ढीग घेऊन श्वास रोखून बसलो. मग ती नीट गुंडाळून माझ्या कापडी थैलीत ठेवली आणि डबा रुमालाने पुसून लख्ख केला.

शॉट छान झाला. काकूंनी सगळ्यांना पोहे दिले. मी प्लेट तशीच बाजूला ठेवली. काहीतरी चुकतंय असं आतून वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. काका समोरच बसले होते. "बायको म्हणते मी तिच्या भावासारखा दिसतो," ते म्हणाले. "पण चलता है. पडद्यावर तर मिशी राहील." माझा हात आपोआप थैलीकडे गेला.

आवराआवर करताना चिन्मयसरांनी विचारलं, "दीपू, सकाळचा मिशीचा डबा कुठाय?"

"सर, खाली आहे."

"खाली? बरं." ते दादाला म्हणाले, "अभय, डबा खाली आहे, घेऊन ये."

दादा जिना उतरून गेला. मी म्हटलं, हा कुठे निघाला? पाच मिनिटांनी खालून हाक आली, "खाली कुठे?" सर मला म्हणाले, "खाली कुठे?" मी म्हणालो, "पूरा खाली आहे, सर." सर ओरडले, "अगदी तळमजल्यावर बघ!" मग काकू स्वयंपाकघरात शोधू लागल्या. काकांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. चिमी चपलांच्या कपाटात शिरली. कुणीतरी म्हणालं, चोरीला गेला असेल. चोरी! मी पाठीमागून डबा पुढे केला.

"सर, हा काय. खाली आहे."

"अरे, हा तर वरच आहे!" सर हसले. डबा हातात घेतला. हसू थांबलं. त्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला. "दीपू, हा हलका कसा?"

"खाली केला ना, सर. तुम्हीच म्हणालात. पण फिकीर नको, एक तुकडासुद्धा टाकला नाही." आणि मी थैलीतून सगळी फिल्म काढून, दोन्ही हात वर करून, भर उन्हात त्यांना दाखवली.

चिन्मयसर गच्चीवर मटकन खाली बसले. म्हणजे नीचे.

"उजेडात उघडलास?"

"नाही सर! सावलीत."

धापा टाकत वर आलेला दादा दारातच थबकला. "अरे, फिल्मला उजेड लागला की सगळं पुसून जातं, दीपू," तो एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या हातातला डबा फ्रेममध्ये चमकत होता रे," सर कपाळाला हात लावून म्हणाले. "मी म्हटलं, खाली कर..."

"तेच तर केलं..." मी म्हणालो.

काका हळूहळू जिना चढून आले. त्यांनी फिल्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मतलब, माझी मिशी गेली?"

एकदा वस्तऱ्याने आणि एकदा माझ्यामुळे. एका माणसाची एकच मिशी एका दिवसात दोनदा गेली. काका जिना उतरून गेले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. दादा म्हणाला, "तू घरी जा, दीपू."

रात्र कशी गेली ते सोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, बाबांचा वस्तरा घेतला आणि आरशासमोर उभा राहून माझी स्वतःची मिशी काढून टाकली. साफ. म्हटलं, माफी मागायची तर तोंडाने नको, मला बोलता येत नाही. तडक हजीऱ्याला गेलो आणि काकांची कडी वाजवली.

"काका," मी ओठाकडे बोट दाखवलं, "मीपण काढली."

काकांनी चष्मा लावला. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून दादाला फोन लावला. "अभय, एक डबा उरलाय ना? सहा महिने थांब. मी मिशी परत वाढवतो... काय? फिल्म एक्सपायर होईल? अरे, झालेलीच आहे ना? मरून गेलेल्याला कसली भीती! और हां, दीपूला काढू नको."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काकांनी पाठीवर थाप मारली आणि आत हाक दिली, "अगं, बाहेर ये जरा! बघ, या पोराने माझ्यासाठी मिशी काढली!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि विचारलं,

"होती?"