सुखी गावाला टँकर कशाला?

आता काय सांगू तुम्हाला, अख्खं गाव सुखी करून दाखवायची हौस मला कशी नडली ते! आधी चहा संपवा, मागाहून हसताना सांडाल.

बहात्तरचा दुष्काळ. मी केदारखेड्याच्या पलीकडच्या एका खेड्यात ग्रामसेवक. विहिरी ठणठणीत कोरड्या. टँकरसाठी तालुक्याचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठं निरोप आला. मुंबईचे साहेब आमचं गाव आणि शेजारचं गाव बघणार, मग टँकर कुणाला द्यायचा ते ठरवणार.

टँकर एकच! म्हटलं, साहेबांवर छाप पडलीच पाहिजे.

बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. ते मी आठवडाभर साठवायला लावलं. अंघोळी बंद! त्याच पाण्याचा रस्त्यावर सडा घातला आणि चावडीपुढचा रांजण काठोकाठ भरला.

सखूमावशी म्हणजे गावातली सगळ्यात फटकळ बाई. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊसाहेब, पाणी न्हाई म्हून रडायचं, अन् तुमी सडा घालून राह्यले?"

"मावशी, सरकारी कामातलं तुम्हाला काय कळतंय? साहेबांनी विचारलं तर सुखी आहोत म्हणायचं. रडकी तोंडं त्यांना चालत नाहीत!"

साहेब आले. पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले, दुसरा तांब्या तोंडावर मारला. मग खुर्चीत रेलून म्हणाले, "सरकारला आता नुसतं धान्य मोजायचं नाही. माणूस सुखी आहे का, ते बघायचंय. सांगा, सुखी आहात?"

"हौ साहेब!" लग्नातली लुगडी-धोतरं नेसून आलेलं गाव एका सुरात ओरडलं.

"काही अडचण?"

"बिलकुल न्हाई!"

हे मी शिकवलं नव्हतं हो! पण पाहुण्यापुढं रडगाणं गायचं नाही, ही आमच्या लोकांची जुनी खोड. मी घाईनं पुढं झालो. "साहेब, पाण्याचं जरा..."

साहेबांनी भरलेल्या रांजणाकडं बघितलं, ओल्या रस्त्याकडं बघितलं आणि माझी पाठ थोपटली. "आदर्श गाव! अभिनंदन!"

टँकर गेला शेजारच्या गावाला. तिथला ग्रामसेवक रजेवर होता. लोकांना शिकवायला कुणीच नाही, म्हणून बिचारे खरं बोलून बसले!

मग काय, हंडा घेऊन मीही निघालो त्या गावाला. वाटेत सखूमावशीचं दार.

"भाऊसाहेब, रडत जा बरं! सुखी माणसाला पाणी न्हाई देऊन राह्यले तिथं."

तुम्हाला सांगतो, या वेळी तालीम घ्यावी लागली नाही.