जादा नळी

सांगलीच्या एका कॅन्सर रुग्णालयात मी संशोधनाचं काम बघते. रुग्णांना अभ्यासाची माहिती वाचून दाखवायची, सही घ्यायची, रक्ताच्या नळ्या जमवायच्या. किडनीचा कॅन्सर पसरलेल्यांना आता प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध सलाईनमधून देतात. ते काहींना लागू पडतं, काहींना नाही. कुणाला पडेल हे रक्तावरून आधीच ओळखता येईल का, हे आम्ही शोधत होतो. म्हणून दर डोसाआधी एक नळी रक्त जादा घ्यायचं.

सातारा जिल्ह्यातल्या औंधकडचे एक निवृत्त फौजी त्यात होते. एक किडनी काढलेली, आजार फुप्फुसात गेलेला. बायकोला घेऊन एसटीने यायचे. या रक्ताचा निकाल रुग्णाला कळवला जाणार नाही, असं माहितीपत्रकात स्पष्ट होतं. ते पान मी त्यांना वाचून दाखवलं होतं, पण बाहेर रांग होती म्हणून भरभर.

दुसऱ्या डोसाला बाही वर करत त्यांनी विचारलं, "ताई, माझं रगत काय म्हंतंय?"

नळ्या तर फ्रीझरमध्ये होत्या. सगळ्यांच्या जमल्यावर एकदमच तपासायच्या होत्या. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणाले, "चांगलं म्हणतंय, काका."

त्यांचा चेहरा असा खुलला की तिसऱ्या वेळीही मी तेच म्हणाले. खोटं बोलतेय असं वाटलंच नाही. धीर देतेय असं वाटलं.

चौथ्या डोसाला ते आले नाहीत. दोन दिवसांनी त्यांना स्ट्रेचरवरून आणलं. श्वास पुरत नव्हता. या औषधाने कधीकधी फुप्फुसाला सूज येते. खोकला किंवा धाप लागली की लगेच फोन करा, असं डॉक्टर प्रत्येकाला बजावतात.

"खोकला कधीपासून आहे?" डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला विचारलं.

"पंधरा दिस झालं."

"मग फोन का नाही केलात?"

"म्या म्हनलं त्यास्नी. तर म्हंत्यात, रगत चांगलं आलंय, ताईंनी सांगितलंय. खोकल्याचं काय एवढं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तक्रार म्हणून नव्हे, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी फाईल चाळत राहिले.

स्टेरॉइडने सूज उतरली. आठवड्याभरात ते उठून बसायला लागले, पण कॅन्सरचं ते सलाईनमधलं औषध कायमचं बंद झालं. तेव्हा कुठे मी खाटेजवळ गेले.

"काका, तुमचं रक्त अजून तपासलेलंच नाही. मी उगाच चांगलं म्हणाले."

ते म्हणाले, "तर मग घेत कशाला व्हता?"

"पुढच्या रुग्णांना उपयोग व्हावा म्हणून."

"आवं, तसं म्हनला असता तरी दिलं असतं की!" त्यांनी तोंड फिरवलं. "आता न्हाई देनार. दिलेलं बी टाकून द्या."

तो त्यांचा हक्क होता. त्यांच्या तिन्ही नळ्या नष्ट केल्या. अभ्यासातून बाहेर पडण्याच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात मी 'रुग्णाची इच्छा' एवढंच लिहिलं. खरं काय ते डॉक्टरांना सांगायला मला आणखी नऊ दिवस लागले. त्यांनी ते माझ्याकडून लेखी घेतलं आणि सह्या घेण्याचं काम दुसऱ्या बाईंना दिलं.

काका आता साताऱ्याच्या दवाखान्यातून कॅन्सरच्या गोळ्या घेतात, हिंडतात-फिरतात असं कळलं. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. फोन अजून केलेला नाही.