जोनचं चिलखत

चिलखताचा डावा खांदा माझ्या हातात सुटून आला. मग छाती. मग गुडघ्याच्या वाट्या. रास अल खैमातल्या एका हॉलमागे व्हॅनचं दार उघडून मी उभी होते आणि संध्याकाळी शो होता. मला आधी काय वाटलं सांगू? बरं झालं, असं वाटलं.

मी दुबईतल्या एका नाटक कंपनीत वॉर्डरोब सुपरवायझर होते. म्हणजे डिझायनर चित्र काढतो, आणि ते कपडे नटाच्या अंगावर नीट बसतील, धावताना फाटणार नाहीत, हे मी बघायचं. नाव डिझायनरचं. हे नाटक जोनवरचं. फ्रान्समधल्या शेतकऱ्याची पोर, सैन्य घेऊन लढली, तिला पकडून जिवंत जाळलं आणि कित्येक शतकांनी चर्चने तिला संत केलं. आमचा लेबनीज डायरेक्टर रामी म्हणाला होता, या शोनंतर कंपनीला कायमचा डिझायनर नेमायचाय. इतकी वर्षं इथे घासल्यावर ती जागा माझीच, असं मी धरून चालले होते. आणि मुंबईहून सुप्रिया आली. या शोची डिझायनर म्हणून.

सुप्रिया हुशार आहे, हेच तर दुखणं. पहिल्याच मीटिंगमध्ये तिने स्लाइड्स दाखवल्या. शत्रूच्या देशातल्या जुन्या नाटकात जोन चेटकीण, पुढे कुणाच्या कवितेत थट्टेचा विषय, मग रंगभूमीवर देवभोळी पोर, सिनेमात कापलेले केस आणि चकचकीत चिलखत. प्रत्येक काळाने तिला आपल्याला हवे तसे कपडे घातले, असं ती म्हणाली. रामी खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता. अहो, हे सगळं मीही वाचलं होतं! पण मला कोण विचारतंय? रात्री डिस्कव्हरी गार्डन्सला घरी जेवताना मी तेच उगाळत बसले. मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, यू आर जस्ट जेलस." होतेच. अंगाचा तिळपापड झाला होता.

मी सुचवलं, चिलखत अबू धाबीजवळच्या मुसफ्फा भागातल्या वर्कशॉपमधून पातळ ॲल्युमिनियमचं करून घेऊ. नमुना आणलाही. नटी चार पावलं चालली आणि भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज झाला. माइकमध्ये संवाद ऐकू येईनात. मग सुप्रियाचं फोम ठरलं. योगा मॅटसारखी शीट कापायची, गरम करून वळवायची, वर चंदेरी रंग. वजन नाही, आवाज नाही, लांबून अस्सल लोखंड. माझ्या वाट्याला आलं चिलखताच्या आतलं जाड कापडी जाकीट. लोखंड अंगाला काचू नये म्हणून सैनिक ते घालायचे. प्रेक्षकांना दिसणारच नाही ते काम बरोबर मला. मीही हट्टाने ते हाताने शिवलं, कापडाचे थर, मध्ये कापूस, वर गोधडीसारखे धावदोरे.

फोमचे तुकडे सुप्रियाने ग्लू गनने जोडले. हा गोंद गरम करून लावतात, आणि पुन्हा तापला की तो सुटतो. इथे उन्हात गाडी बंद ठेवली तर चपलांचे सोल निघून येतात. मी तिला म्हटलं, दुसरा गोंद वापर. ती म्हणाली, "ताई, मुंबईत कधीच सुटलं नाही." मी म्हटलं, बरं बाई. रास अल खैमाच्या शोच्या दिवशी हॉल उघडायला उशीर झाला आणि व्हॅन दुपारभर पार्किंगमध्ये तापली. खलास.

सुप्रिया फुटपाथवर बसून रडायला लागली. फोम वाकडंतिकडं झालं होतं, पुन्हा चिकटवून उपयोग नव्हता. माझा आनंद फार टिकला नाही. शो पडला तर डिझायनर नेमणार कोण आणि कशाला? मी रामीला म्हटलं, चिलखत राहू दे, नुसतं जाकीट घालू. ती सैनिक दिसायला हवी, तो म्हणाला.

"सगळ्यांनी तिला चमकवून झालंय," मी म्हटलं. "आज ती शेतकऱ्याची पोर दिसू दे."

त्याने जाकीट उचलून नटीच्या अंगाला लावून पाहिलं. मग म्हणाला, "यल्ला, लागा कामाला."

मी बाह्या उसवल्या, कडा फाडल्या, कॉफी आणि माती चोळून कापड मळवलं. शेवटच्या प्रवेशात त्या जाकिटात नटी खांबाला बांधलेली उभी राहिली आणि हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही.

शोनंतर प्रेक्षकांचे प्रश्न होते. एका बाईंनी विचारलं, चिलखताशिवाय जोन ही कल्पना कुणाची? रामीने माइक सुप्रियाकडे दिला. गेली जागा, मी मनात म्हटलं.

सुप्रिया म्हणाली, "माझं चिलखत उन्हात सुटलं. ताईंनी आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्ही पाहिलंत ते सगळं वंदनाताईंचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे तिच्याकडे बघून वाजवत होते. किती मोठ्या मनाची मुलगी, असं विंगेत माझ्या शेजारी उभी असलेली मेकअपवालीच मला म्हणाली. मी दातओठ खात उभी.

पुढच्या आठवड्यात रामीने बोलावून जागा मला दिली. मला राहवलं नाही, विचारलं, काम आवडलं म्हणून ना?

"हबीबी, मी सुप्रियालाच देणार होतो," तो म्हणाला. "तिने नको म्हटलं. तिला तुझ्या हाताखाली शिकायचंय."

आता दारावर माझं नाव आहे. समोरच्या टेबलावर ती बसते. या धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच, की जिच्यावर जळायचं तिचे उपकार घेऊ नयेत, मग नीट जळताही येत नाही. रोज सकाळी माझ्यासाठी चहा तीच आणते. आणि चहाही चांगला करते मेली.